गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये ऐन फुलोऱ्यात लाल कोळी : नव्या उत्पादकांसाठी पायरीपायरीने

कोरेगाव तालुक्यात आमचं दहा गुंठ्यांचं डच गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. सातारा-सांगली पट्ट्यात नव्याने पॉलिहाऊस उभं केलेली बरीच तरुण मंडळी जानेवारी सरत आला की एकच प्रश्न विचारतात : कळ्या भरल्यात, दांडे उंच झालेत आणि खालच्या पानांवर लाल कोळी दिसतोय, आता काय मारू?

हा प्रश्न नेमका तेव्हाच यायला कारण आहे. १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी आपण डिसेंबरात कट मारतो, म्हणजे छाटणी करतो, आणि साधारण दीड महिन्यानंतर फुलं काढणीला येतात. त्याच सुमारास थंडी ओसरते, दुपारचं ऊन तापायला लागतं आणि हवा कोरडी पडते. गुलाबाची तोडणी आणि कोळ्याची वाढ एकाच पंधरवड्यात येतात. पुन्हा एप्रिल-मेच्या लग्नसराईत तेच होतं, तेही जास्त जोरात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ अशा कोरड्या तालुक्यांत पॉलिहाऊस असेल, तर वाई किंवा कराडकडच्या माणसापेक्षा तुम्हाला हे लवकर सुरू करावं लागेल.

"काय मारू" याचं उत्तर पुढे सहाव्या पायरीत आहे. पण पहिल्या पाच पायऱ्या गाळून तिथे उडी मारली, तर औषधाचे पैसे जातात आणि कोळी राहतो. फुलोऱ्यात कोळी आवरतो तो खालच्या पानांवर, पाण्याने आणि वेळ साधून. औषध त्यानंतर.

लागणारं साहित्य आणि कागद

- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग. घड्याळ दुरुस्तीवाले किंवा सोनार वापरतात तसलं चालतं.
- पांढरे कोरे कागद, रंगीत रिबिनी किंवा सुतळी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या.
- एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप), लांब लान्स (फवाऱ्याची दांडी) आणि वर तोंड करता येणारा बारीक नोझल.
- सामू (पाण्याचा पीएच) तपासायच्या पट्ट्या किंवा मीटर, आणि हवेतली आर्द्रता दाखवणारा मीटर. तो कोणत्याही कंपनीचा असला तरी चालतो, पण झाडाच्या उंचीला टांगा, दाराजवळ नको.
- रबरी हातमोजे, औषधासाठीचा मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा अंगरखा, गमबूट. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.
- फवारणीची वही. तारीख, बेड (गादीवाफा), औषधातला घटक, प्रमाण, फवारणारा कोण.
- प्रत्येक औषधाची पक्की पावती आणि डब्यासोबत येणारं माहितीपत्रक. दोन्ही फाइलला लावा. पुढे काही बिनसलं तर हेच दोन कागद कामाला येतात.

१. आधी तो कोळीच आहे का ते बघा

गुलाबावर येणारा कोळी बहुतेक वेळा टेट्रानिकस अर्टिकी या जातीचा, म्हणजे अंगावर दोन काळसर डाग असलेला असतो. आपण त्याला लाल कोळी म्हणत असलो तरी भिंगातून तो पिवळसर-हिरवट दिसतो, कधी नारिंगी. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तो कीटक नाही. वाढलेल्या कोळ्याला आठ पाय असतात. ही गोष्ट नुसती पुस्तकी नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यावरची बरीचशी औषधं कोळ्यावर चालतच नाहीत, ती यामुळे.

पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे फिकट बारीक ठिपके दिसतात. पान उलटं केलं की खाली धुळीसारखे कण, गोल पारदर्शक अंडी आणि टाकलेली पांढरी कात दिसते. पुढे पान तांबूस होतं, मग गळतं. शेवटी शेंड्याला जाळी दिसते. जाळी दिसली याचा अर्थ कोळी आजचा नाही, बराच आधीपासून खाली बसलेला आहे आणि आता गर्दी झाली म्हणून वर चढून धाग्याला लटकत पुढच्या झाडावर निघाला आहे.

तपासणी सोपी आहे. खालचं पान पांढऱ्या कागदावर धरा, दोन टिचक्या मारा, अर्धा मिनिट थांबा. ठिपके चालायला लागले तर कोळी. लांबट, चपळ, पिवळे-तपकिरी किडे पळाले तर फुलकिडे. त्यांचं काम पाकळ्यांच्या कडेला तपकिरी डाग पाडायचं असतं. काहीच हललं नाही आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडलाय, तर अन्नद्रव्याची कमतरता शोधा, बहुतेक मॅग्नेशियम किंवा लोह. मॅग्नेशियम असेल तर पिवळेपणा जुन्या पानांवर आधी येतो, लोह असेल तर नव्या पानांवर. अशा झाडाला कोळीनाशक मारून काही होणार नाही.

शंका राहिली तर खालची पाच-सहा पानं पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. साताऱ्यात बोरगाव, कराडकडे कालवडे, सांगलीला कांचनपूर. पानं ओल्या फडक्यात गुंडाळू नका, कोरड्या कागदात ठेवा.

२. बेडनिहाय नकाशा करा

पॉलिहाऊसमध्ये कोळी सगळीकडे एकदम येत नाही. दाराजवळचा बेड, बाजूच्या पडद्यांलगतची रांग, दक्षिण-पश्चिमेची तापणारी कड, ठिबकची नळी चोंदल्याने कोरडा राहिलेला पट्टा, रस्त्याची धूळ येते ती बाजू, या त्याच्या आवडत्या जागा. तिथून सुरुवात करा.

आठवड्यातून दोनदा, सकाळी, प्रत्येक बेडवरची दहा झाडं बघा. शेंडा बघू नका. बेंडिंग करून खाली वाकवलेल्या फांद्यांची जुनी पानं उलटून बघा. कोळ्याचं घर तिथे असतं. दाट, सावलीतलं, फवाऱ्याला न सापडणारं. चालता कोळी सापडला त्या झाडाला लाल रिबीन बांधा. अंडीच दिसली तर पिवळी.

माझा ठोकताळा असा : बेडवरच्या दहांपैकी एक-दोन झाडांवर कोळी असेल तर तेवढ्या झाडांपुरतं काम करायचं. तीन-चार झाडांवर असेल तर पूर्ण बेड आणि शेजारचे दोन बेड धरायचे. त्याहून जास्त असेल किंवा कुठेही जाळी असेल तर संपूर्ण हाऊसचा विचार. ही कुठल्या विद्यापीठाची शिफारस नाही, आमच्या वहीतून बसलेला अंदाज आहे. तुमच्या जातीप्रमाणे आणि गावच्या उन्हाप्रमाणे तो थोडा इकडेतिकडे होईल.

३. कोळ्याचं वेळापत्रक समजून घ्या

अंडं, सहा पायांचं पिल्लू, दोन मधल्या अवस्था आणि मग पूर्ण वाढ, असा त्याचा प्रवास. तिशीच्या आसपास तापमान असलं की हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं. विशीच्या आसपास असलं तर दोन-अडीच आठवडे लागतात. एक मादी तिच्या आयुष्यात शंभराच्या घरात अंडी घालते. नराशी मिलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतूनही नर जन्मतात, म्हणून एकच मादी आत शिरली तरी पुढे वस्ती उभी राहते.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, एका फवारणीने काम संपत नाही. आज चालते कोळी मेले तरी अंडी शाबूत असतात आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत त्यांतून पिल्लं बाहेर पडतात. दुसरी, दोन फवारण्यांमधलं अंतर कॅलेंडर बघून ठरवू नका, थर्मामीटर बघून ठरवा. जानेवारीत पुरणारं अंतर एप्रिलमध्ये पुरत नाही.

४. फवारणीआधी हातांनी करायचं काम

रिबीन बांधलेल्या झाडांची खालची, ठिपक्यांनी भरलेली, तांबूस पानं काढा. काढल्या काढल्या पिशवीत टाका, पिशवी तिथेच बांधा, मग बाहेर न्या. पाटीत पानं गोळा करून सगळ्या हाऊसमधून फिरवली की कोळी आपल्याच हाताने वाटला जातो. बांधलेली पिशवी चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवून मग पुरा. बांधावर उघडी टाकू नका.

पानं मात्र सगळी ओरबाडू नका. वाकवलेल्या फांद्यांवरची पानं फुलाच्या दांड्याला अन्न पुरवतात. ऐन कळीत ती गेली तर दांडा बारीक राहतो, कळी लहान येते. निम्म्याहून जास्त हिरवं असलेलं पान राहू द्या आणि ते धुवा.

कामाचा क्रमही ठरवा. सकाळी स्वच्छ बेड, शेवटी लागण झालेले. तोडणी, कळ्यांना टोप्या घालणं, तण काढणं, सगळं याच क्रमाने. कोळी कपड्यांना, कात्रीला, क्रेटला चिकटून फिरतो. लागण झालेल्या बेडवरून आलेल्या माणसाने अंगरखा बदलल्याशिवाय पुन्हा पहिल्या बेडवर जाऊ नये. पाहुणे, व्यापारी, शेजारचे गुलाबवाले यांनाही हाच नियम लावा. संकोच वाटतो, पण एकदा सांगितलं की लोक मनावर घेतात.

५. पाणी आणि हवा

फुलोऱ्यातलं सगळ्यात बिनधोक हत्यार पाणी आहे आणि नवीन माणूस नेमकं तेच वापरत नाही.

लान्स खाली धरून, नोझल वर करून, वाकवलेल्या फांद्यांची पानं खालच्या बाजूने धुवा. दाब इतकाच ठेवा की पान उलटेल, फाटणार नाही. जाळी, कात, धूळ आणि चालते कोळी बरेचसे निघून जातात. अंडी काही प्रमाणात चिकटून राहतात, म्हणून तीन-चार दिवसांनी पुन्हा. पाण्याचा झोत गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. कळ्या कोरड्या राहिल्या पाहिजेत.

वेळ सकाळची, ऊन अंगावर आल्यावर. दुपारपर्यंत पानं सुकली पाहिजेत. संध्याकाळी धुतलं आणि रात्रभर पानं ओली राहिली तर डाऊनी (केवडा रोग) येतो, कळीवर करडी बुरशी येते, आणि कोळ्यापेक्षा मोठं नुकसान होतं. थंडीत पडदे बंद असताना तर ही काळजी दुप्पट घ्या. ज्या बेडवर आधीच डाऊनी आहे तिथे धुण्याचा नाद करू नका.

दुपारी आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली जात असेल तर फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारे नोझल) थोडा थोडा वेळ चालवा आणि साठ-सत्तरच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करा. फॉगरने कोळी मरत नाही, त्याची वाढ मंदावते. टपकणारे फॉगर आधी दुरुस्त करा, कारण रंग आलेल्या पाकळीवर क्षाराचं पाणी पडलं की डाग पडतो आणि ते फूल बंचमधून (विक्रीच्या जुडीतून) बाद होतं. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार असतात हे विसरू नका.

नत्राचं प्रमाणही बघा. जादा नत्राने पान कोवळं आणि रसदार होतं, त्यावर कोळी झपाट्याने वाढतो. कळी मोठी व्हावी म्हणून ऐन वेळी युरियायुक्त खत वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि ठिबकची प्रत्येक नळी तपासा; तहानलेल्या झाडावर कोळी आधी बसतो.

६. आता औषध : कळी कुठल्या टप्प्यात आहे त्यावर सगळं अवलंबून

*कळी वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान.* फवारणीसाठी ही शेवटची मोकळी संधी. नकाशात लागण दिसत असेल तर संपूर्ण फवारणी याच वेळी उरका. पुढे ढकलू नका.

*कळी फुगली, पण रंग दिसत नाही.* फवारा फक्त खालच्या पानांवर. तेलकट औषधं, साबण, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य), सिलिकॉनची जोड टाळा. यांचे डाग आणि भाजल्याच्या खुणा कळीवर राहतात.

*रंग दिसायला लागला.* रासायनिक फवारणी थांबवा. पानं काढणं आणि खालून पाणी एवढंच. या दिवसांत कोळ्याने फार तर खालची पानं थोडी खराब होतात. फुलावर औषधाचा पांढरा डाग घेऊन माल पुण्याच्या गुलटेकडीला किंवा मुंबईत दादरच्या बाजाराला गेला तर तो खालच्या प्रतीत जातो. शिवाय ते फूल कुणाच्या तरी हातात, केसात, देवापुढे जाणार आहे. त्यावर ताजं औषध असू नये, एवढं मी तरी मनाशी पक्कं धरलं आहे.

*बेड तोडून मोकळा झाला.* पूर्ण फवारणी, दोन्ही बाजूंनी, चुकवू नका.

औषध निवडताना डब्यावरचं व्यापारी नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा आणि त्याचा गट बघा. आंतरराष्ट्रीय पातळीवर कीटकनाशकांना कार्यपद्धतीप्रमाणे गट क्रमांक दिलेले आहेत. कोळीनाशकांतले नेहमीचे असे :

- गट ६ : अबामेक्टिन, मिल्बेमेक्टिन. चालत्या कोळ्यांवर. अळीसाठी मारतो ते इमामेक्टिनही याच गटातलं, तेही वहीत मोजा.
- गट १० : हेक्झीथायाझॉक्स, इटोक्झाझोल. अंडी आणि पिल्लांवर. वाढलेले कोळी यांनी मरत नाहीत, म्हणून लागण लहान असताना घ्या.
- गट १२ : प्रोपरगाइट. चालत्या कोळ्यांवर. कडक उन्हात कोवळी फूट भाजू शकतं.
- गट २० : बायफेनाझेट.
- गट २१ : फेनाझाक्विन, फेनपायरोक्झिमेट.
- गट २३ : स्पायरोमेसिफेन. अंडी आणि पिल्लांवर चांगलं, पण परिणाम दिसायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी कोळी चालताना दिसला म्हणून घाबरून लगेच दुसरं मारू नका.
- गट २५ : सायफ्लुमेटोफेन.

एका गटाचं औषध मारलं की पुढची फवारणी दुसऱ्या गटाची. फेनाझाक्विननंतर फेनपायरोक्झिमेट मारणं म्हणजे तेच औषध दुसऱ्या बाटलीतून पुन्हा मारणं. प्रतिकारशक्ती कमावण्यात हा कोळी जगभर कुप्रसिद्ध आहे आणि बंद पॉलिहाऊसमध्ये त्याच वस्तीवर तेच औषध पुन्हा पुन्हा पडल्याने हे फार लवकर होतं.

कुठलं घ्यायचं हे दुकानदाराने सांगितलं तरी लेबलवर गुलाब आणि कोळी हे दोन्ही शब्द आहेत का ते स्वतः वाचा. अबामेक्टिन १.९ ईसीच्या लेबलवर गुलाब आहे. बाकीच्यांचं लेबल खरेदीच्या वेळी उघडून बघा, कारण मंजुरी पिकागणिक वेगळी असते. प्रमाणही लेबलवरचंच घ्या, म्हणून मी इथे मुद्दाम मिलिलिटरचे आकडे देत नाही. डायकोफॉलवर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. कुणाकडे जुना साठा असला आणि कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

फवारणीची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. द्रावणाच्या पाण्याचा सामू सहा ते साडेसहाच्या आसपास आणा. बोअरचं पाणी बरेचदा आठला टेकलेलं असतं आणि अशा पाण्यात काही औषधं लवकर निकामी होतात. लान्स खालून वर, बेडच्या दोन्ही बाजूंनी. काम झाल्यावर पानं उलटून बघा, खालची बाजू ओली नसेल तर फवारणी झालीच नाही असं धरा. वेळ उन्हं उतरल्यावरची, पण रात्र पडायच्या आत पानं सुकतील अशी. नवीन औषध असेल तर आधी आठ-दहा झाडांवर मारा आणि दोन-तीन दिवस कळी आणि कोवळं पान बघा. गुलाबाच्या सगळ्या जाती सारख्या सहनशील नसतात.

कडुनिंबाचं ॲझाडिरेक्टिन असलेलं औषध सुरुवातीच्या लागणीत उपयोगी आहे, पण तेही कळी फुगण्याआधीच. गंधक भुरीवर आणि थोडंफार कोळ्यावर चालतं. पस्तिशीच्या आसपासच्या उन्हात गंधक मारलं तर पान भाजतं. तेलाची फवारणी आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

७. फवारणाऱ्याची आणि तोडणीच्या बायकांची काळजी

पॉलिहाऊस बंद असतं. उघड्या शेतात वाऱ्याने निघून जाणारी वाफ इथे आत कोंडते. फवारताना बाजूचे पडदे उघडे ठेवा, फवारणारा माणूस मागे सरकत जाईल अशी दिशा धरा, म्हणजे तो फवारलेल्या झाडांतून चालणार नाही. फवारणी झाली की दाराला पाटी लावा : तारीख, वेळ, औषध, पुन्हा आत कधी यायचं. लेबलवर आत जाण्याची मुदत दिली असेल तर ती पाळा. दिली नसेल तर पानं पूर्ण सुकून, हाऊस हवेशीर होऊन पुढचा दिवस उजाडेपर्यंत कुणाला आत पाठवू नका.

आपल्याकडे पहाटे तोडणीला येणाऱ्या बायका मोकळ्या हातांनी काम करतात, काट्यांनी हात चिरलेले असतात, आणि मधे चहाला बसतात ते त्याच हातांनी. त्यांना आदल्या दिवशी काय फवारलं हे कुणी सांगत नाही. हे बदललं पाहिजे. हातमोजे मालकाने द्यायचे, हात धुवायला साबण आणि पाणी दाराशी ठेवायचं, पाटी त्यांना वाचून दाखवायची. कुणी गरोदर असेल तर तिला फवारणीच्या आठवड्यात ग्रेडिंगचं (प्रतवारीचं) नाही, पूर्ण वेगळं काम द्या, कारण ग्रेडिंगलाही तीच फुलं हाताळावी लागतात.

मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांना धार, चक्कर असं काही झालं तर माणसाला मोकळ्या हवेत आणा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि डबा किंवा माहितीपत्रक बरोबर घेऊन दवाखान्यात न्या. उलटी करवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

८. मित्रकोळी सोडायचे असतील तर

कोळ्याला खाणारे कोळीही असतात. फायटोसियुलस पर्सिमिलिस हा जगभर हरितगृहांत वापरला जातो. निओसियुलस लाँजिस्पिनोसस हा आपल्या हवेत आढळणारा. स्टेथोरस नावाचे बारीक काळे ढालकिडेही कोळी खातात, आणि ते बाहेरून आपोआप येतात, जर तुम्ही त्यांना मारलं नाहीत तर.

लागण लहान असतानाच हा मार्ग चालतो. जाळी झाल्यावर मित्रकोळी सोडून उपयोग नाही. आधी पाणी आणि पान काढणी करून संख्या खाली आणा. आधी कुठलं औषध मारलं आणि किती दिवस झाले हे पुरवठादाराला वही उघडून सांगा. गंधक, अबामेक्टिन आणि सगळी पायरेथ्रॉइड औषधं (सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांच्या गटातली) त्यांना मारक आहेत. सोडायचे ते खालच्या पानांवर, सकाळी किंवा संध्याकाळी, आर्द्रता चांगली असताना. कोरड्या कडक उन्हाळ्यात फायटोसियुलस टिकत नाही, म्हणून आपल्याकडे त्याची खरी वेळ नोव्हेंबर ते जानेवारी.

९. हमखास फसायच्या जागा

कोळी दिसला की पायरेथ्रॉइड मारणं. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधं मित्रकीटक मारतात आणि नंतर कोळी पूर्वीपेक्षा जास्त उसळतो. इमिडाक्लोप्रिडनंतरही कोळी वाढल्याचं अनेक पिकांत दिसलेलं आहे. फुलकिड्यांसाठी औषध निवडतानासुद्धा हे डोक्यात ठेवा.

पाच गोष्टींचं मिश्रण. कोळीनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत, टॉनिक, स्टिकर असं एकाच टाकीत. मजुरी वाचते, कळी भाजते. फुलोऱ्यात एका वेळी एकच औषध.

बिननावाचं 'सेंद्रिय'. घटक लिहिलेला नाही, नोंदणी क्रमांक नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोळी साफ. अशा बाटलीत कोणतं रसायन आहे हे कळायला मार्ग नसतो. पावती देत नसतील तर दुकानातून परत या. औषध बनावट वाटलं तर उरलेला डबा, पावती आणि फोटो घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी तक्रार द्या. गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकांना नमुना घेण्याचा अधिकार आहे.

जाळी पाहून फवारत राहणं. मेलेल्या कोळ्यांची जाळी आणि ठिपक्यांची पानं तशीच राहतात. जुनं पान पुन्हा हिरवं होत नाही. फवारणी लागू पडली का हे नव्या पानावरून आणि भिंगातून ठरवा. कोळी हलतोय का, अंडी ताजी चकचकीत आहेत का.

बाहेरचं रान विसरणं. पॉलिहाऊसच्या कडेला वांगी, भेंडी, घेवडा, झेंडू, एरंड असेल तर कोळी तिथून धाग्यावर आत येतो. भोवतीची सहा-सात फुटांची पट्टी तणमुक्त ठेवा. झेंडूचा प्लॉट संपला की लगेच उपटा, वाळत ठेवू नका; झाड वाळायला लागलं की त्यावरचा सगळा कोळी नवं घर शोधत निघतो.

१०. तोडा संपल्यावरचा आठवडा

बहुतेक जण इथे हात सैल सोडतात. भाव मिळाला, माल गेला, थकवा आलेला असतो. पण पुढच्या लग्नसराईचा कोळी याच आठवड्यात ठरतो, कारण कळी नाही, डागाची भीती नाही, आणि सगळं झाड धुता येतं.

तोडा संपताच सुकलेल्या, आंधळ्या (कळी न धरणाऱ्या), तांबूस फांद्या काढा आणि नव्याने बेंडिंग करण्याआधी जुन्या वाकवलेल्या थरातला कचरा पूर्ण बाहेर न्या. बेडवर गळलेली पानं झाडून घ्या. पूर्ण झाड खालून-वरून धुवा. पानं सुकल्यावर चालत्या कोळ्यांवरचं औषध, आणि हवामान पाहून पाच ते सात दिवसांनी दुसऱ्या गटातलं, अंडी-पिल्लांवरचं. दोन्ही वेळा आधी आणि नंतर भिंगाने मोजून वहीत लिहा. क्रेट, कात्र्या, ट्रॉली साबणाच्या पाण्याने धुवा. दारात अंगरखे टांगायला खिळे ठोका, हाऊसमधले अंगरखे घरी नेऊ नका.

मग दहा दिवसांनी, कोवळी लालसर फूट बोटभर झाली की, दाराजवळच्या बेडपासून पुन्हा पानं उलटायला सुरुवात करा.